कॉम्प्युटरचे मॉड एक्सबॉक्सवर चालतात का? भाच्यासाठी विचारतोय

भुसावळचा_मामा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. माझा भाचा आठवीत आहे, वरणगावला असतो, सुट्टीत आमच्याकडे भुसावळला आलाय. ४५ डिग्रीत दुपारी पोराला बाहेर कुठं पाठवणार, म्हणून त्याच्यासाठी एक सेकंडहँड एक्सबॉक्स सिरीज एस घेतला आणि त्यावर फार्मिंग सिम्युलेटर २५ घेऊन दिला. पोरगा एकदम खूश आहे, सकाळी उठल्या उठल्या नांगरट सुरू. पण आता त्याने यूट्यूबवर व्हिडिओ बघितले ज्यात त्याच गेममध्ये आपल्याकडचे ट्रॅक्टर, लाल ट्रॉली, आपल्यासारखं गाव असं सगळं चालू आहे, तेव्हापासून रोज एकच प्रश्न, मामा आपल्या गेममध्ये हे का नाही.

त्याला मॉड म्हणतात एवढं मला कळलं. एका साईटवरून झिप फाईल लॅपटॉपवर उतरवली, पेनड्राईव्हमध्ये टाकली, एक्सबॉक्सला लावली. पेनड्राईव्हमधले लग्नाचे फोटो दिसतात, व्हिडिओ दिसतात, पण त्या झिपचं काहीच होत नाही. दोन दिवस तेच करी राहिलो.

तर साधा प्रश्न आहे, कॉम्प्युटरचे मॉड कन्सोलवर चालतात की नाही, चालत असतील तर कसे, आणि नसतील तर का नाही. पोराला नुसतं 'नाही होत' सांगून गप्प बसवायचं नाहीये, त्याला कारण लागतं आणि मलाही आता ते समजून घ्यायचंय.

धुळेकर_मॉडर

मामा, राम राम. मी धुळ्याचा, याच गेमचे मॉड बनवतो, जास्त करून ट्रॉल्या आणि अवजारं. आधी उत्तर सांगतो. नेटवरून उतरवलेली झिप एक्सबॉक्सवर चालणार नाही, पेनड्राईव्ह बदला नाहीतर केबल बदला. पण तुमच्याच गेममध्ये मॉड चालतात! गेमच्या मेनूत मॉडहब आहे बघा, तिथूनच ते येतात. जायंट्स सॉफ्टवेअर म्हणजे गेम बनवणारी स्विस कंपनी, ती प्रत्येक मॉड आधी तपासते आणि पास झाला तरच तिथे ठेवते, आणि प्रत्येक मॉडखाली लिहिलेलं असतं की हा पीसीवर, हा प्लेस्टेशनवर, हा एक्सबॉक्सवर.

आता फरक कुठे पडतो ते. कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात फार्मिंग सिम्युलेटर २०२५, त्यात मॉड्स नावाचं फोल्डर, तिथे झिप टाकली की संपलं, गेम सुरू होताना ते फोल्डर वाचतो आणि सामान दुकानात येऊन उभं राहतं. कन्सोलवर ते फोल्डर तुमच्या हाताला लागतच नाही, त्याला दार नाहीये बाहेरून. एकच दार आहे ते मॉडहबचं आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

भाच्याला एक काम सांगा, ती झिप लॅपटॉपवर उघडून बघायची. आत काय असतं तर एक्सएमएल फाईल, त्यात ट्रॉलीची किंमत किती, किती लिटर माल बसतो, कुठल्या मालाला चालते हे साध्या अक्षरात लिहिलेलं असतं. मग वस्तूचं थ्रीडी मॉडेल, त्याची फाईल आय३डी. मग वरचा रंग, गंज, चिखल, अक्षरं यांची चित्रं, त्या डीडीएस फाईली. आणि काही मॉडमध्ये, सगळ्यांत नाही, लुआ भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट असते. ती पहिली तीन म्हणजे वस्तू आहे, आणि स्क्रिप्ट म्हणजे गेमला शिकवलेली नवी अक्कल. वस्तू कन्सोलवर जाते. बाहेरच्या माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट कन्सोलवर जात नाही. कोर्सप्ले, ऑटोड्राईव्ह हे मॉड त्याने व्हिडिओत बघितले असणार, ट्रॅक्टर आपोआप शेताला वळसे घालतो, ट्रॉली आपोआप जाऊन खाली होते, ते पूर्ण स्क्रिप्टवर उभे आहेत म्हणून पीसीपुरतेच आहेत.

भुसावळचा_मामा

अरे वा, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. मॉडहब सापडलं, मेनूत होतंच, आम्ही तिकडे गेलोच नव्हतो. पोरगा आत्ता पेन-वही घेऊन बसलाय बाजूला. त्याचा पुढचा प्रश्न असा की स्क्रिप्ट का नाही चालत, एक्सबॉक्सचं मशीन कमी ताकदीचं आहे का?

खान्देशकन्या_पुणे

मी मूळची पाचोऱ्याची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, याचं उत्तर मी देते कारण हा प्रश्न मला फार आवडला, आठवीतल्या मुलाने नेमकी जागा पकडली आहे.

ताकदीचा प्रश्न नाहीये. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर आहे, तुमच्या लॅपटॉपमध्ये असतो त्याच जातीचा, एक्स८६. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन २०१३ ला आले तेव्हापासून या दोन्ही घरांतली मशीनं आतून पीसीचीच भावंडं आहेत. त्याआधीचा प्लेस्टेशन ३ वेगळा होता, त्यात सेल नावाचा प्रोसेसर होता, त्याची भाषाच निराळी. निन्टेन्डो स्विच पण वेगळा, तो एआरएमवर, मोबाईलसारखा. पण एक्सबॉक्सच्या बाबतीत 'मशीन वेगळं म्हणून चालत नाही' हे उत्तर बरोबर नाही.

खरं कारण सही आहे. मामा, तुम्ही डिजिटल सातबारा काढला असेल ना ऑनलाईन, त्यावर तलाठ्याची डिजिटल सही असते. त्या फाईलमधलं क्षेत्र कोणी एका आकड्याने जरी बदललं तरी सही जुळत नाही, तपासताना लगेच कळतं की यात हात घातलाय. कन्सोल तसंच करतो. कुठलाही प्रोग्रॅम चालवायच्या आधी त्यावर कंपनीची सही आहे का आणि ती जुळते का बघतो, नाही जुळली तर चालवतच नाही. कॉम्प्युटरवर विंडोज तुम्हाला फार तर विचारतं 'खात्री आहे का', तुम्ही हो म्हटलं की चालवतं. घरचा मालक कोण, हा फरक आहे. लॅपटॉपचे मालक तुम्ही, कन्सोलच्या आतली मालकी कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे.

पीसीवरचे मोठे मॉड काय करतात की चालू गेमच्या मेमरीत स्वतःचा कोड घुसवतात. जीटीए ५ चं स्क्रिप्ट हूक, स्कायरिमचं एसकेएसई, सगळे त्याच जातीचे. सहीच्या नियमात हे बसूच शकत नाही. लुआ स्क्रिप्ट त्या मानाने सौम्य आहे, ती गेमच्या आतच चालते, पण तिथेही कंपनीला भीती असते की कोणाच्या स्क्रिप्टने मशीन लटकलं, किंवा त्यातून कोणी फट शोधली, तर जबाबदार कोण. म्हणून धुळेकर दादा म्हणतात तसं वस्तूला परवानगी, अक्कलेला नाही. कंपनीने स्वतः बनवलेलं असेल तर स्क्रिप्टही चालते, प्रिसिजन फार्मिंग नावाची गेमची जोडणी कन्सोलवर फुकट मिळते ती जायंट्सने स्वतः काढलीये म्हणून.

अमळनेरकर

एवढा त्रास कशाला. कन्सोल जेलब्रेक करून टाका, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून टाका, सगळे मॉड चालतात. माझ्या मित्राच्या पीएस४ वर बघितलंय मी.

खान्देशकन्या_पुणे

अमळनेरकर भाऊ, पीएस४ चं तुम्ही बघितलं ते खरं असेल, जुन्या फर्मवेअरवर (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) असलेल्या पीएस४ ला तशी फट सापडलेली आहे. पण ती ठराविक जुन्या आवृत्त्यांपुरती असते, अपडेट केलं की बंद, आणि तसा कन्सोल घेऊन ऑनलाईन गेलं की अकाउंट आणि मशीन दोन्ही कायमचं बंद होऊ शकतं. मामांच्या पोराकडे एक्सबॉक्स आहे आणि गेम डिजिटल घेतलाय, म्हणजे अकाउंट गेलं की गेमही गेला. आठवीतल्या मुलासाठी हा सल्ला मी कधीच देणार नाही.

चाळीसगाव_एक्सप्रेस

ताईंशी सहमत, आणि यावरून माझा अनुभव सांगतो कारण दुसऱ्या कोणाचे पैसे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात मी प्लेस्टेशन दिला होता, तो म्हणाला जीटीए ५ मध्ये मॉड टाकून देतो, भारतीय गाड्या, सगळं. अडीच हजार घेतले. चार दिवसांनी मशीन परत मिळालं तर माझा सेव्ह गेम उडालेला, त्याजागी दुसऱ्या कोणाचा तरी सेव्ह टाकलेला ज्यात पैसे भरपूर होते, आणि म्हणे हाच मॉड. एक गाडी नवीन नव्हती. परत मागायला गेलो तर मोठमोठ्याने बोलायला लागला, मी निघून आलो. लहान भावाने वर्षभर खेळून जमवलेला सेव्ह होता तो, त्याचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून सांगतो, जीटीए ५ चे मॉड कन्सोलवर नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत. गेम पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर २०१३ ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ ला, आणि तुम्ही जे व्हिडिओ बघता ते सगळे पीसीचे असतात. 'पीएस४ मॉड मेनू फ्री डाउनलोड, यूएसबी' असं लिहिलेल्या साईट तुमच्याकडून सर्व्हे भरून घेतात, मोबाईल नंबर घेतात, पासवर्ड मागतात, आणि हातात काही देत नाहीत. पोरांना हे नक्की सांगा.

एक गोष्ट मात्र मामांना सांगायचीय, पेनड्राईव्ह लावून तुम्ही काही वेड्यासारखं केलं नाही. अनरिअल टूर्नामेंट ३ नावाचा गेम २००७ ला पीएस३ वर आला होता, त्यात लोक पीसीवर मॉड बनवायचे, तो पीएस३ साठी वेगळा तयार करून घ्यायचे, पेनड्राईव्हमधून गेममध्ये घ्यायचे आणि चालायचा! म्हणजे २००७ साली जमलं होतं, कारण गेमवाल्यांनी मनावर घेतलं आणि सोनीने हो म्हटलं. त्याच गेमच्या एक्सबॉक्स ३६० आवृत्तीत ही सोय नव्हती. गेम तोच, साल जवळजवळ तेच, एका घरात दार उघडं आणि दुसऱ्या घरात बंद.

सातपुडा_गेमर

शहाद्याहून लिहितोय. मी स्कायरिमवाला, एक्सबॉक्सवर खेळतो, चुलतभाऊ तोच गेम पीएस४ वर खेळतो, तर आमच्या दोघांच्या घरात हा वाद कायम असतो म्हणून यातलं मला बरंच पाठ आहे.

स्कायरिम बनवणारी कंपनी बेथेस्डा, तिने आधी तिच्याच फॉलआउट ४ या गेममध्ये सुरुवात केली, एक्सबॉक्स वनवर मॉड आले ते मे २०१६ च्या शेवटी. कन्सोलवर एवढ्या मोठ्या प्रमाणात मॉड, हे तेव्हा नवीनच होतं. पीएस४ वाल्यांना वाट बघायला लावली, सप्टेंबर २०१६ मध्ये बेथेस्डाने जाहीरच केलं की सोनी आम्हाला हवे तसे मॉड मंजूर करत नाहीये, मग महिनाभरात तडजोड झाली आणि पीएस४ ला मॉड मिळाले पण अटीवर. अट अशी की बाहेरची नवीन वस्तू आणायची नाही. नवीन मॉडेल नाही, नवीन चित्र नाही, नवीन आवाज नाही, गेममध्ये जे आधीच आहे त्याचीच मांडामांड करायची. त्यामुळे चुलतभाऊ वातावरण बदलू शकतो, गावात झाडं वाढवू शकतो, घर बांधू शकतो, पण मी जे पूर्ण नवीन चिलखत घालून फिरतो ते त्याला कधीच मिळत नाही. जागा पण बघा, स्कायरिमला एक्सबॉक्सवर मॉडसाठी ५ जीबी आणि पीएस४ वर १ जीबी.

तर आपल्या प्रश्नाचं उत्तर नुसतं 'कन्सोलवर चालतं का' एवढ्यावर येत नाही, कुठला गेम आणि कुठला कन्सोल हे दोन्ही विचारावं लागतं. एसकेएसई लागणारा मॉड आमच्या दोघांकडेही नाही.

आणि मॉड टाकले की स्कायरिममध्ये अचिव्हमेंट, म्हणजे खेळताना मिळणारी बक्षीस-चिन्हं, बंद होतात, हे मला तीस-चाळीस तास खेळल्यावर कळलं होतं. आधी कळलं असतं तर दोन वेगळे सेव्ह ठेवले असते.

धुळेकर_मॉडर

सातपुडा भाऊ, २०१६ ची एक बाजू राहिली ती मी सांगतो कारण मॉड बनवणाऱ्याला ती लागते. एक्सबॉक्सवर फॉलआउटचे मॉड सुरू झाले तेव्हा नेक्सससारख्या साईटवरचे पीसी मॉड लोकांनी न विचारता उचलले आणि स्वतःच्या नावाने कन्सोलसाठी टाकले. ज्याने रात्री जागून बनवला त्याचं नाव गायब. वरून तो मॉड कन्सोलवर बंद पडला की शिव्या मूळ माणसाला, कारण शोधत शोधत लोक त्याच्यापर्यंत यायचे. बऱ्याच जणांनी तेव्हा काम थांबवलं.

म्हणून कोणी म्हणतं ना 'पीसीचा मॉड आहेच, कन्सोलला टाकून द्या की', तेव्हा मला वाईट वाटतं. माझी एक ट्रॉली पीसीवर पंधरा दिवसांत तयार झाली होती. तीच मॉडहबवर जायला दोन महिने गेले. कन्सोलसाठी बहुभुज, म्हणजे थ्रीडी मॉडेल ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी बनतं ते, कमी करावे लागले म्हणजे चाकाचा गोलपणा थोडा कमी, चित्रांचा आकार कमी केला, फाळके उघडायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती ती काढली आणि तेच काम गेमच्या तयार ॲनिमेशनने केलं. एक चूक सापडली की परत रांगेत. पण खरं सांगतो, त्या तपासणीने ट्रॉली चांगली झाली, आधीच्यात एक चाक जमिनीत रुतायचं ते मला दिसलंच नव्हतं.

भाच्यासाठी अजून एक, कन्सोलवर स्लॉट असतात. मेमरी ठरलेली असते म्हणून प्रत्येक वाहन, प्रत्येक शेड काही स्लॉट खातं आणि भरले की नवीन घेता येत नाही. पीसीवर ही मर्यादा नाही. तर पोराला सांगा दहा ट्रॅक्टर उतरवण्यापेक्षा आवडणारे दोन घे. आणि चालू सेव्हमधला मॉड काढायचा असेल तर आधी ते वाहन विकायचं, मग मॉड काढायचा.

केळीबाग_रावेर

सगळं वाचलं, फार छान चर्चा. मी रावेर तालुक्यातला, खरी शेती केळीची आणि रात्री हा गेम कॉम्प्युटरवर. घरचे विचारतात दिवसभर शेतात असतो आणि रात्री परत शेतच काय बघतो. पण मला आवडतं, इथे भाव पडत नाहीत, वादळात बाग आडवी होत नाही.

माझी एक जुनी इच्छा आहे. या गेममध्ये कापूस आहे, फार्मिंग सिम्युलेटर १९ पासून आहे. ज्वारी आहे. २५ मध्ये भात आला, म्हशी आल्या, शेळ्या आल्या, मला फार आनंद झाला म्हशी बघून. पण कापूस बघा, भलंमोठं मशीन शेतात घालायचं आणि मागून गठ्ठा बाहेर पडतो. आपल्याकडे बाया ओटी बांधून वेचतात, एकेक बोंड, दिवाळीच्या आधीपासून पार संक्रांतीपर्यंत दोन-तीन वेचण्या. आणि केळी तर नाहीच. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा-रावेरहून गाडीच्या गाडी माल दिल्लीकडे जातो, आणि एवढ्या मोठ्या गेममध्ये एक घड नाही.

टिश्यूची रोपं, पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १,७५० खोडं, ठिबक, पिलं कापणं, घडाला पिशवी, अकरा-बारा महिन्यांनी कापणी, माणसाच्या खांद्यावर घड बाहेर. हे सगळं मॉडमध्ये येईल का, आणि आलं तर मामांच्या भाच्याच्या एक्सबॉक्सवर जाईल का? मला कोड येत नाही पण मोजमापं, फोटो, जे लागेल ते देतो.

धुळेकर_मॉडर

केळीबाग दादा, तुमचा प्रश्न वाचून कालची रात्र यातच गेली.

तुम्ही म्हणता तशी पूर्ण केळी, पिशवी आणि पिलांसकट, ती बिनास्क्रिप्टची होत नाही. माणसाने घड खांद्यावर नेणं म्हणजे नवी हालचाल, नवी वागणूक. ते पीसीपुरतंच राहील. शिवाय नवीन पीक नुसतं सोडता येत नाही, साधारणपणे नकाशाच्या मॉडबरोबर आणावं लागतं, म्हणजे कोणीतरी तापीकाठचा पूर्ण नकाशाच बनवायला हवा. ते वर्षभराचं काम आहे आणि एकट्याचं नाही.

पण दुसरी वाट आहे. गेममध्ये हरितगृहं आहेत, पाणी दिलं की आतून माल तयार होऊन खोक्यात बाहेर येतो. हे सगळं गेमचंच यंत्र आहे, मी फक्त एक्सएमएलमध्ये किती पाणी लागतं आणि तासाला किती माल ते बदलतो आणि घराच्या जागी वेगळं मॉडेल ठेवतो. म्हणजे शेडनेटऐवजी केळीच्या बागेचा एक तुकडा, ठिबकच्या नळ्या, मधे पाटाचा रस्ता. शेतकरी म्हणून तुम्हाला ते अपुरं वाटेल, पिकाची वाढ टप्प्याटप्प्याने दिसणार नाही. पण स्क्रिप्ट शून्य, म्हणजे तपासणीत पास झालं तर एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, पीसी तिन्हीकडे जाईल.

केळीबाग_रावेर

अपुरं कसलं भो. पडद्यावर केळीचं पान हललं तरी बस शे माले. उद्या सकाळी बागेत जाऊन फोटो काढतो, बुंधा, पान, घड, कमळ सगळं. ऊन डोक्यावर यायच्या आत काढतो म्हणजे सावल्या येणार नाहीत.

धुळेकर_मॉडर

उलट ढगाळ असेल तर जास्त चांगलं, पण आत्ता खान्देशात ढग कुठून आणणार. सकाळी सात-साडेसातला काढा. पानाची वरची बाजू, खालची बाजू, सपाट ठेवून, सरळ वरून. फाटलेलं पान पण हवं, सगळी अखंड पानं असली की बाग खोटी दिसते.

खान्देशकन्या_पुणे

मला यात मदत करायची आहे. एक्सएमएल मी बघते, दर आठवड्याला रविवारी वेळ काढू शकते.

वरच्या चर्चेत एक भर. पाच-सहा वर्षांपूर्वी कन्सोलवर मॉड म्हणजे बेथेस्डा आणि फार्मिंग सिम्युलेटर ही दोनच नावं पटकन यायची, आता ते बदलतंय. बाल्डर्स गेट ३ ला सातव्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) गेमच्या आतच मॉडची सोय आली, सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीवर आणि ऑक्टोबरमध्ये कन्सोलवर. तिथेही पीसीला जास्त आणि कन्सोलला निवडून घेतलेले. स्नोरनरमध्ये ट्रक आणि नकाशे कन्सोलवर येतात. माइनक्राफ्टचं मात्र पोरं नेहमी गोंधळ करतात, यूट्यूबवरचे फोर्ज-फॅब्रिकचे मॉड जावा एडिशनचे असतात, कन्सोलवर येतं ते बेडरॉक, ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं पूर्ण वेगळं बांधकाम आहे. नाव एक असलं तरी इकडचा मॉड तिकडे बसत नाही, बेडरॉकची ॲडऑन वेगळी असतात.

चाळीसगाव_एक्सप्रेस

केळीबाग दादांचं वाचून जुनं आठवलं. कॉलेजला जळगावला असताना एका सायबर कॅफेत जीटीए सॅन अँड्रियास होता, त्यात यूजर ट्रॅक नावाचं फोल्डर असायचं, त्यात आपली एमपीथ्री टाकली की गाडीच्या रेडिओवर तीच वाजायची. आमच्यातल्या एकाने त्यात अहिराणी गाणी टाकली होती. परदेशातलं शहर, समुद्रकिनारा, आणि गाडीत लग्नातलं अहिराणी गाणं. कॅफेतले सगळे येऊन मागे उभे राहिले होते. आमच्यासाठी तो पहिला मॉड, आणि त्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागली नव्हती. पहिल्या एक्सबॉक्सवर पण सीडीतली गाणी मशीनमध्ये घेऊन गेममध्ये वाजवता यायची, म्हणजे कन्सोलवाल्यांना हे कधी जमत नव्हतं असं नाही.

आता माझा पुतण्या मोबाईलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया खेळतो, त्यात लालपरीचा मॉड टाकलाय. इंडोनेशियाच्या रस्त्यावर आपली एसटी. पोरांना जे हवंय ते हेच आहे, आपलं काहीतरी त्या पडद्यावर दिसावं. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

भुसावळचा_मामा

मंडळी, चार दिवस लग्नाच्या धावपळीत होतो, आता सगळं वाचलं आणि भाच्याला वाचून दाखवलं. सातबाऱ्याचं उदाहरण त्याला एकदम पटलं, तो त्याच्या आजोबांना जाऊन सांगून आला की कन्सोलमध्ये तलाठी बसलेला असतो. झिप पण उघडून बघितली आम्ही. त्यात एक्सएमएलमध्ये ट्रॉलीची किंमत लिहिलेली सापडली तेव्हा पोराला जो आनंद झाला तो गेम घेऊन दिला तेव्हाही झाला नव्हता. लॅपटॉपवर खेळायला ग्राफिक कार्ड नाहीये, पण मॉड उघडून बघता येतो हे त्याला कळलंय.

मॉडहबमधून त्याने दोन ट्रॉल्या आणि एक विहिरीसारखी पाण्याची टाकी घेतली, चालतंय सगळं व्यवस्थित. अमळनेरकर भाऊ, तुमचं मन दुखवायचं नाही, पण जेलब्रेकच्या वाटेला आम्ही जाणार नाही.

अमळनेरकर

नाही मामा, दुखवायचं काय त्यात. मला अकाउंट बंद होतं हे माहीत नव्हतं, मित्र ऑनलाईन खेळतच नाही म्हणून त्याला कधी अडचण आली नसेल. पोराचा गेम गेला असता तर मलाच वाईट वाटलं असतं. केळीच्या मॉडला काही लागलं तर मी पण आहे, मला फोटोशॉप येतं, फ्लेक्स बनवायचं काम करतो.

धुळेकर_मॉडर

अमळनेरकर भाऊ, फोटोशॉपवाला माणूस मला हवाच होता. केळीबाग दादांनी ६३ फोटो पाठवलेत, त्यातल्या पानांची पार्श्वभूमी कापायची आहे. आज पाठवतो.

भुसावळचा_मामा

धुळेकर दादा, भाच्याचा एक शेवटचा प्रश्न आहे, तो म्हणतो तुम्हीच विचारा. तुमची जी ट्रॉली मॉडहबवर आहे ती आम्ही घेतलीये. आपल्याकडे ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर गावाचं नाव रंगवलेलं असतं, तसं त्याला हवंय. ते चित्र आहे की अक्कल, असं तो विचारतोय. म्हणजे कन्सोलवर जाईल का?

धुळेकर_मॉडर

चित्र आहे रे बाळा, बरोबर ओळखलंस. डीडीएस फाईल. एक्सबॉक्सवर नक्की जाईल. पुढच्या आवृत्तीत फाळक्यावर नाव निवडायची सोय टाकतो, सहा गावं ठेवतो, त्यात वरणगाव पहिलं. फक्त अक्षर कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये नको, आपले रंगारी हाताने लिहितात तसं पिवळं, खाली लाल सावली. तुमच्या गावात अशी ट्रॉली दिसली की मामाला सांगून समोरून सरळ फोटो काढ आणि इथेच टाक.